सदतीस नंबरची कबुली

आमच्या ऑफिसात अठ्ठेचाळीस कॉम्प्युटर होते. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण त्यातले अठरा मी स्वतः खोक्यातून काढले होते आणि उरलेल्या तिसांवर बसणारी माणसं रोज माझ्या नावाने खडे फोडायची. गुडगावचं हेड ऑफिस मात्र म्हणायचं, जयपूरला एकतीसच आहेत.

"अठ्ठेचाळीस," मी फोनवर ओरडायचो.

"हमारी स्क्रीन पे तो इकतीस दिख रहे हैं, सर."

मग स्क्रीन पुसा, असं मराठीत तोंडातल्या तोंडात म्हणून मी फोन ठेवायचो. गुडगाववाल्यांना मोजता येत नाही, हे माझं मत त्या काळात पक्कं झालं होतं. दोन हजार सात साल होतं, मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि माझी मतं फार लवकर पक्की व्हायची.

मी मूळचा सांगलीचा. पुण्यात दोन नोकऱ्या करून जयपूरला आलो. कंपनी विम्याचे फॉर्म भरून देण्याचं काम करायची. सीतापुऱ्यात ऑफिस, राहायला तिलक नगरात एका बंगल्याच्या गच्चीवरची खोली. सगळ्या मशिनांची जबाबदारी माझ्यावर. गुडगावला एक मोठा सर्व्हर होता आणि देशभरातल्या ऑफिसांतली मशिनं त्याला बांधलेली होती. कुठल्या मशिनवर कुठलं सॉफ्टवेअर आहे, कुणी काय नवीन टाकलं, सगळं त्या सर्व्हरला तिथे बसून कळायचं. मला ती स्क्रीन दिसायची नाही. मला फक्त दर सोमवारी बारा वाजता यादी यायची, की अमुक नंबरच्या मशिनवर बंदी असलेलं सॉफ्टवेअर सापडलं, कारवाई करा.

आता गौतमीबद्दल सांगतो, कारण जे झालं ते तिचं झालं.

तिचे वडील बळवंतकाका रेल्वेत सिग्नल खात्यात. मूळ भुसावळचे, बदली होऊन जयपुरात आले त्याला बारा वर्षं झाली होती. स्टेशनवर पुण्याच्या गाडीच्या चौकशीला उभा असताना मी मराठीत चरफडलो आणि मागून आवाज आला, "कुठले हो तुम्ही?" त्या दिवसापासून माझे रविवार त्यांच्या क्वार्टरमध्ये जायला लागले. सुवर्णाकाकू कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत करायच्या आणि मी परका आहे हे विसरून चार-चार भाकरी हाणायचो. गौतमी त्यांची एकुलती एक. जयपुरातच शिकली, त्यामुळे मराठी बोलायची पण मध्ये मध्ये हिंदीचे खडे लागायचे. बी.कॉम. झाली तेव्हा काकांनी भीतभीत विचारलं, तुमच्याकडे काही जमेल का? मी शब्द टाकला आणि तिला लावून घेतलं. सकाळी तिचा एम.कॉम.चा क्लास असायचा, म्हणून बाकीचे नऊला यायचे तशी ती न येता साडेअकराला यायची आणि उशिरापर्यंत बसायची. सहा महिन्यांनी, एक जानेवारीला, ती कायम होणार होती. त्या घरातली सरकारी क्वार्टर सोडून दुसरी पक्की गोष्ट तीच होणार होती.

ती बसायची सदतीस नंबरवर. अठरा नव्या मशिनांपैकी एक.

ही अठरा मशिनं खंडेनवमीला आली. अठरा मशिनांवर एकेक करून सगळं टाकत बसायला आठवडा जातो, म्हणून एकच मशीन नखशिखांत तयार करायचं आणि त्याची हुबेहूब प्रत बाकीच्यांवर उतरवायची, अशी पद्धत असते. मी एकतीस नंबरचं मशीन तयार केलं. जीव ओतून केलं. दुपारी प्रत काढायची आणि संध्याकाळपर्यंत सगळी मशिनं चालू, असा माझा बेत. तेवढ्यात आमचे मॅनेजर शेखावतसाहेब पुजारी घेऊन आले.

"प्रसन्नजी, पहले पूजा, फिर काम."

मुहूर्त अकरा चाळीसचा होता. आणि नुसती हळद-कुंकू लावून साहेबांचं समाधान होणार नव्हतं. मुहूर्तावर पहिलं मशीन गुडगावला जोडायचं, तिथल्या मोठ्या साहेबांनी ते आपल्या स्क्रीनवर बघायचं आणि मग नारळ फोडायचा. मी म्हटलं, आधी प्रती काढू द्या. ते म्हणाले, मुहूर्त टळेल. झेंडूची माळ घातलेलं एकतीस नंबर मी गुडगावला जोडलं. स्पीकरवर मोठ्या साहेबांचा आवाज आला, "दिख गया, दिख गया!" नारळ फुटला, मावा कचोरी वाटली. मलाही बरंच वाटलं. सगळं जोडून, चालवून, बघून घेतलेलं मशीन. अशाची प्रत काढायची तर आणखी काय हवं? मी तीच प्रत सतरा मशिनांवर उतरवली, प्रत्येकाचं नाव बदललं, बत्तीस ते अठ्ठेचाळीस असे स्टिकर सरळ रेषेत चिकटवले. एकतीस नंबर माझ्या टेबलावर ठेवलं. इतकं नीटनेटकं काम या ऑफिसात कुणी केलं नसेल, असं मी त्या रात्री आईला फोनवर सांगितलं.

दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या शेवटच्या सोमवारी यादी आली: मशीन सदतीस, गप्पा मारायचं सॉफ्टवेअर.

मी गौतमीच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. मशीन उलटंपालटं करून बघितलं. काही नव्हतं.

"काढून टाकलंस?"

"मी टाकलंच नाही, सर." ऑफिसात ती मला सर म्हणायची, घरी भैया. "मतलब, मला तर ते येत पण नाही."

पहिली वेळ म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या सोमवारी पुन्हा सदतीस. आता मात्र मला चक्रावायला झालं. ती साडेअकराला येते, यादी बाराला निघते. अर्ध्या तासात सॉफ्टवेअर टाकायचं, गप्पा मारायच्या आणि पुसून मोकळं व्हायचं? तेही माझ्या टेबलापासून दहा पावलांवर? तिसऱ्या सोमवारी मी सरळ तिच्या मागे खुर्ची टाकून बसलो. ती फॉर्म भरत होती. तिचे कान लाल झाले होते. बारा वाजून पाच मिनिटांनी यादी आली, मशीन सदतीस.

मी यादी बघितली, तिची स्क्रीन बघितली, पुन्हा यादी बघितली. माझ्या डोळ्यांदेखत तिने काही केलं नव्हतं. तरी सर्व्हर म्हणत होता, केलं. दोन्ही खरं कसं असेल? रात्री झोप लागेना. कुठेतरी लपवलं असेल, दुसऱ्या नावाने ठेवलं असेल, कुणी शिकवलं असेल. शेवटी मी काय ठरवलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी ठरवलं, माझे डोळे चुकले. कारण मशीन मी तयार केलं होतं आणि मी तयार केलेलं मशीन खोटं बोलत नाही.

शेखावतसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तीनदा नाव आलं की नोकरी गेली, असा गुडगावचा नियम. पण मुलीने लेखी कबुली दिली, माफी मागितली, तर एक संधी मिळेल. परिवीक्षा, म्हणजे कच्ची नोकरी, तीन महिने वाढेल, इतकंच.

रविवारी मी क्वार्टरवर गेलो. त्या दिवशी भरीत होतं की नव्हतं, मला आठवत नाही. गौतमी भिंतीला टेकून बसली होती. मी समजावणीच्या सुरात बोलत होतो. मोठ्या भावाचा आव आणायला मला नेहमीच आवडायचं.

"लिहून दे आणि मोकळी हो. सगळेच करतात गं. कुणी फाशी देणार नाही."

"पण भैया, मी केलंच नाही तर?"

"सर्व्हरला तुझ्याशी काय वैर आहे? तूच टाकलंयस, हे पक्कं. मशीन खोटं बोलत नाही. माणूस विसरतो. नकळत कुठेतरी क्लिक केलं असशील."

 बळवंतकाका खाली बघूनच म्हणाले, "सर, आपल्यावर पहिलं बोट येतंच. कुठेही जा. म्हणून पोरीला लहानपणापासून सांगत आलो, दोनदा तपासायचं अन् मगच हात लावायचा. ती अशी करनार नाही."

ते मला नेहमी प्रसन्न म्हणायचे. त्या दिवशी सर म्हणाले. बोट कुणाचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी म्हणालो, "काका, जातीपातीचा इथे काय संबंध? कॉम्प्युटरला काय कळतंय?" आणि मला आपलं बोलणं फार मुद्देसूद वाटलं.

तिने लिहून दिलं. मजकूर मी सांगितला. 'मी माझ्या मशिनवर कंपनीने बंदी घातलेलं सॉफ्टवेअर वापरलं, याबद्दल मला खेद आहे.' वापरलं या शब्दावर ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि मग लिहिलं. चौकशी संपेपर्यंत तिला घरी बसायला सांगितलं गेलं. सदतीस नंबर मी बंद केलं, केबल काढून गुंडाळून ठेवली.

चौथ्या सोमवारी बारा वाजता यादी आली. मशीन एकेचाळीस, गप्पा मारायचं सॉफ्टवेअर, तेच.

एकेचाळीस नंबर शेखावतसाहेबांच्या केबिनमध्ये होतं.

साहेब अकराला यायचे आणि मेलही मी छापून दिल्याशिवाय वाचायचे नाहीत. ते केबिनबाहेर आले, यादी हातात घेतली आणि हसले. "यह लिस्ट ही गलत है." सगळे हसले. मीही हसलो. यादी चुकीची आहे, हे अठ्ठेचाळीस माणसांच्या ऑफिसला एका मिनिटात पटलं. लेखी कबुली मागायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. हसता हसता मी यादी पुन्हा वाचली. मग गेले तीन सोमवार यादी बरोबर कशी होती?

जेवणाच्या सुट्टीनंतर, सगळे पुन्हा आपापली मशिनं चालू करत असताना, मी गुडगावला फोन लावला. नशिबाने नवीन आलेला संकल्प नावाचा मुलगा लाइनवर होता, नागपूरचा.

"एकेचाळीस बघ," मी म्हटलं.

"बघतोय ना. पण सर, आता इथे एकेचाळीस नाहीच. चव्वेचाळीस आलंय."

"एकेचाळीसचं विचारतोय मी."

"अहो तेच सांगून राहिलो. ज्या ओळीत एकेचाळीस होतं, तिथंच आता चव्वेचाळीस लिहिलंय. थांबा. आता छत्तीस झालं."

"म्हणजे मशिनं बदलतायत?"

"मशीन एकच आहे सर. नाव बदलून राहिलं."

मला काहीएक कळेना. मी उठून एकेचाळीस बंद करून पुन्हा चालू केलं, मग छत्तीस, मग चव्वेचाळीस. प्रत्येक वेळी संकल्प पलीकडून नवं नाव वाचायचा, ओळ तीच. सोळा मशिनं एकामागून एक चालू-बंद केली आणि ती सगळी येऊन त्या एका ओळीत शिरली, एका चपलेत सोळा पाय घालावेत तशी. तीस जुनी मशिनं आणि ही एक ओळ मिळून एकतीस. गुडगाववाल्यांना मोजता येत होतं.

"तुम्ही प्रत काढायच्या आधी मशीन सर्व्हरला जोडलं होतं का?" संकल्पने विचारलं.

मला नारळ आठवला.

त्याने समजावलं ते असं. मशीन पहिल्यांदा सर्व्हरला भेटलं की त्याला एक लांबलचक ओळख क्रमांक मिळतो, तो मशिनच्या पोटात लिहिला जातो. सर्व्हर माणसांनी ठेवलेलं नाव बघत नाही, तो क्रमांक बघतो. त्या क्रमांकासकट प्रत काढली की सगळ्या प्रती सर्व्हरच्या लेखी एकच. मशीन चालू झालं की हजेरी लावतं आणि जे शेवटी लावेल, त्याचं नाव ओळीवर राहतं. आधी न जोडता प्रत काढली असती, किंवा काढण्यापूर्वी तो क्रमांक पुसला असता, तर प्रत्येकाला आपापला मिळाला असता. निष्काळजी माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती. मी सगळं जोडून, तपासून घेतलं म्हणून झाली. बारा वाजण्यापूर्वी सगळ्यांत शेवटी मशीन चालू करणारी होती गौतमी, साडेअकराला. ती नसताना शेखावत, अकराला.

"नावाचं कळलं," मी म्हटलं. "पण ते सॉफ्टवेअर? ते कुठल्या तरी मशिनवर असेलच ना?"

"सॉफ्टवेअरची मोजदाद आठवड्यातून एकदाच होते, सर. सोमवारी सकाळी त्या क्रमांकाचं जे मशीन पहिलं चालू होईल, त्याची घेतो. मग बाकीच्यांची घेतच नाही, झाली म्हणून. तुमच्याकडे सोमवारी सगळ्यात आधी कोण येतं?"

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी मुद्दाम इतका वेळ मागे ठेवली. दिवाळीत पुण्याला माझं लग्न ठरलं होतं, कौमुदीशी. ती पुण्यातल्या तिच्या ऑफिसातून सकाळी साडेआठला कॉम्प्युटरवर गप्पा मारायला यायची. मीही साडेआठला येऊन माझं मशीन चालू करायचो. आयटीवाल्याला तपासणीसाठी लागतंच, असं स्वतःला सांगून मी ते सॉफ्टवेअर टाकलं होतं. माझं नाव यादीत का येत नाही, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. नशीब, एवढंच वाटलं. तीन सोमवार मी त्या मुलीच्या मशिनवर जे शोधत होतो, ते माझ्या टेबलावर चालू होतं. काखेत कळसा म्हणतात, पण इथे कळसा माझा होता आणि हात मी दुसरीचे बांधले होते.

दुपारभरात मी प्रती उतरवलेल्या सतराही मशिनांतला तो क्रमांक पुसला. एकेक करून ती सर्व्हरला नव्याने भेटली. संकल्प मोजत होता, बत्तीस, तेहेतीस, चौतीस... अठ्ठेचाळीस झाले. मला आनंद झाला नाही.

शेखावतसाहेबांना सगळं सांगितलं, माझ्या सॉफ्टवेअरसकट. त्यांनी दार लोटून घेतलं. "नेटवर्क एरर लिख दो, भाई. लड़की भी बच जाएगी, तुम भी." माणूस वाईट नव्हता, माझ्या भल्याचंच सांगत होता. मी टेबलावर आलो आणि तसं लिहिलंही. दोन ओळींत सगळं मिटत होतं. पण त्या दोन ओळींत तिची कबुली गुडगावच्या फाइलमध्ये तशीच राहत होती, कारण नेटवर्क बिघडलं म्हणून कुणी न केलेला गुन्हा कबूल करत नाही. लोक म्हणाले असते, एरर होती ती होती, पण तिने लिहून तर दिलं. मी ते पुसलं आणि खरं ते लिहिलं: सॉफ्टवेअर माझं, प्रत माझी, कबुलीचा मजकूरही माझाच. सगळ्यांना पाठवलं. मग तिची कबुली परत येईपर्यंत गुडगावला दर तासाला फोन केला. मला काय शिक्षा झाली ती झाली, त्याची गोष्ट नाही. तीन दिवसांनी कबुलीचा कागद परत आला, सोबत गौतमी एक जानेवारीपासून कायम असल्याचं पत्र.

दोन्ही घेऊन मी संध्याकाळी क्वार्टरवर गेलो. सगळं सांगितलं. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि मला पाणी दिलं. बळवंतकाकांनी नेमणुकीचं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, उघडून तिसऱ्यांदा वाचलं. मला वाटत होतं त्यांनी मला दोन थोबाडीत द्याव्यात. ते म्हणाले, "तुम्ही खरं सांगितलं, सर. कोन सांगतं?" त्या 'सर'पेक्षा थोबाडीत परवडली असती.

गौतमी तिच्या कबुलीचा कागद हातात धरून होती.

"फाड तो," मी म्हटलं. "तू काहीच केलं नव्हतंस. एका क्षणासाठीसुद्धा नाही. मी चुकलो, गौतमी. माफ कर."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. हरवल्यासारखी.

"पण भैया, मला आठवतंय."

"काय आठवतंय?"

"तुम्ही म्हणालात ना, माणूस विसरतो, नकळत क्लिक केलं असेल. मी रोज बसून आठवायचे. रोज. मग एक दिवस आठवलं. मतलब, सचमुच आठवलं. एक छोटी खिडकी आली होती स्क्रीनवर आणि मी हो दाबलं. कुठल्या बोटानं दाबलं ते पण आठवतंय." तिने आपला उजवा हात उलटसुलट करून बघितला. "ते झालंच नव्हतं?"

"नव्हतं."

"पक्कं?"

"पक्कं."

तिने मान हलवली. कागद मात्र फाडला नाही. मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि हळूच, आईवडिलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "तुम्ही तेव्हा पण पक्कंच म्हणाला होतात."